गोंड्यांची हजामत

...पाच मिनिटांचं काम! ऐकलंत का बाकावरचे तुम्ही? पाच मिनिटांचं! आणि साहेब, तुम्ही मान जरा खाली, हां, बस, अशीच ठेवा. काय म्हणालात? नुसतं वरवर, कानांवर थोडे राहू द्या, उद्या मुलाखत आहे... कळलं कळलं, चोवीस वर्षं उभा आहे या खुर्चीमागे, तुम्ही निर्धास्त बसा. तर पाच मिनिटांचं काम म्हणे! तुम्हाला सांगतो, ज्याला स्वतःला एखादं काम करायचं नसतं ना, त्याला त्या कामाला किती वेळ लागतो ते अगदी बरोब्बर माहीत असतं. दाढीला किती वेळ लागतो ते मला विचारा, मी सांगतो. मशीन फिरवायला किती, लहान मूल रडत असेल तर किती, सगळं सांगतो. पण लोकरीचा गोंडा करायला किती वेळ लागतो, हे ज्यांनी जन्मात गोंडा केला नाही त्यांनी मला सांगावं? आणि कधी? सोमवारी! आठवड्यातला माझा एकुलता एक सुट्टीचा दिवस!

आता तुम्ही म्हणाल, सलूनवाल्याचा आणि गोंड्यांचा संबंध काय. अहो, हाच प्रश्न मी घरात विचारला, चांगला आवाज चढवून विचारला, पण आमच्या घरी माझा आवाज चढला की सगळे टीव्हीचा आवाज वाढवतात, त्यामुळे उत्तर काही मिळालं नाही.

झालं असं, माझी मुलगी तिसरीत आहे. तिच्या वर्गबाईंची चिठ्ठी आली. 'मंगळवारी स्वेटर-मेळावा. प्रत्येकाने आपला साधा स्वेटर घरी केलेल्या लोकरीच्या गोंड्यांनी सजवून घालून यावा. विकतचे गोंडे चालणार नाहीत.' चालणार नाहीत! का पण? मी कधी गिऱ्हाइकाला म्हणतो का, कंगवा घरी करून आणा, विकतचा चालणार नाही? चांगला निळा स्वेटर पोरीचा, साधा, सरळ, ना रेघ ना फूल, धुवायला सोपा, त्याच्या अंगावर गोंडे कशाला? स्वेटरनं तक्रार केली होती का?

तरी मी एक वेळ सोडून दिलं असतं. ताप आलाय म्हणून चिठ्ठी लिहिली असती, हो, लिहिली असती, खोटं कशाला बोलू. पण त्याच्या आधी शनिवारी एक प्रकार घडला. हे समोरचं दुकान दिसतंय ना, टेलरचं... जरा हळू बोलतो, दार उघडं ठेवून बसतो तो... तर त्याची मुलगी आणि माझी मुलगी एका वर्गात, एका बाकावर. गोंड्यांवरून दोघींची जुंपली. आणि ती टेलरची पोर, एवढीशी, दुधाचे दात अजून पडायचेत, ती माझ्या पोरीला काय म्हणाली ठाऊक आहे? म्हणाली, "माझे बाबा जोडतात. तुझे बाबा नुसते कापतात. त्यांना काही करता येत नाही, फक्त कमी करता येतं."

फक्त कमी करता येतं!

साहेब, हलू नका, कात्री जोरात चालतेय ती रागानं, तुमच्यावर नाही. अहो, आठ वर्षांच्या पोरीनं असं बोलावं? आणि लागलं हो मला. खरं सांगतो, जेवण गेलं नाही. कारण टेलर संध्याकाळी दुकान बंद करताना म्हणू शकतो, हा शर्ट मी शिवला, ही पँट मी शिवली, टांगलेत बघा. सुतार म्हणू शकतो, हे टेबल माझं. मी काय दाखवू? झाडूत अडकलेले चार केस? माझं काम गिऱ्हाईक डोक्यावर घेऊन निघून जातं, आणि महिन्याभरात तेही राहत नाही! पण माझी पोर कसली ऐकते. ती भर वर्गात उभी राहिली आणि सांगून आली, "माझे बाबा सात गोंडे करणार आहेत. सात रंगांचे. आणि मधला संत्र्याएवढा!" मला न विचारता! संत्र्याएवढा!

म्हणजे आता प्रश्न स्वेटरचा राहिला का? नाही राहिला. आता प्रश्न असा, की या माणसाला काही करता येतं, का नुसतं कमीच करता येतं.

उजाडला सोमवार. आमची ही नर्स आहे, तिची सकाळची पाळी. दारात चपला घालता घालता मी म्हटलं, अगं, तू जरा गोंड्यांचं... तर म्हणते, "अहो, गोंडे म्हणजे काय, पाच मिनिटांचं काम!" आणि गेली. पोर शाळेत गेली, तिनंही जिन्यातून ओरडून सांगितलं, "बाबा, पाच मिनिटांचं काम आहे, बाई म्हणाल्यात!" लोकरीच्या दुकानात गेलो. तिथल्या बाई मला विचारतात, "कुठली देऊ? दोन पदरी, तीन पदरी, चार पदरी?" मला काय माहीत? मी म्हटलं, "दाट द्या, मऊ, सरळ, कोंडा नसलेली." त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. मग हसल्या आणि म्हणाल्या, "गोंड्यांसाठी ना? घ्या ही. पाच मिनिटांचं तर काम!" तुम्हाला सांगतो, सगळ्या गावानं कट केल्यासारखं एकच वाक्य पाठ केलेलं!

घरी कोण? घरी सासूबाई. हिच्या आई. गुडघे दुखतात म्हणून महिनाभर आल्यात, गेल्या पावसाळ्यात. खिडकीजवळच्या खुर्चीत बसतात आणि बघतात. टीव्ही कमी आणि मला जास्त. मी जमिनीवर बैठक मारली, चिठ्ठीमागे कृती लिहिली होती ती वाचली. पुठ्ठ्याच्या दोन गोल चकत्या कापा, मधोमध भोक पाडा, चकत्या एकावर एक ठेवून भोकातून लोकर गुंडाळत राहा, मग कडेनं कात्री घाला, दोन चकत्यांच्या मधून दोरा घेऊन घट्ट बांधा, चकत्या काढा, गोंडा तयार. वाचायला पाच मिनिटं, कबूल! पण करायला? लोकरीचा गुंडा भोकातून जाईना. भोक मोठं केलं तर चकतीच उरेना. मग हातभर हातभर लोकर तोडून घेतली, तर ती गुंडाळताना सुटायला लागली, एका हातानं चकती धरा, दुसऱ्या हातानं लोकर ओढा, तिसरा हात आणायचा कुठून? आणि वर खुर्चीतून आवाज, "जावईबापू, सैल होतंय." मी घट्ट केलं. "जावईबापू, आता फार घट्ट झालं." अहो, खुर्चीवर बसलेल्याचं ऐकायची सवय आहे मला, धंदाच आहे तो, पण खुर्चीवरचा माणूस अर्ध्या तासात उठून जातो हो!

पहिला गोंडा, लाल. तासभर लागला. पण झाला! खरंच झाला, गुबगुबीत, मी मांडीवर ठेवला आणि दुसरा घेतला, पिवळा, तोही गुंडाळला, कडेनं कात्री घातली, आणि बांधायच्या आधीच चकत्या ओढल्या. सगळी लोकर खाली. तुकडेच तुकडे. आता तुम्ही सांगा, ज्या माणसानं चोवीस वर्षं कापून खाली पडलेलं झाडून टाकलंय, त्याला खाली पडलेले तुकडे दिसले की तो काय करील? विचार करील? मी उठलो, झाडू घेतला, कोपऱ्या-कोपऱ्यातून गोळा केलं, सुपलीत भरलं, खाली कचऱ्याची गाडी भोंगा वाजवत उभी होती, धावत गेलो, ओतून आलो. हात झटकले. खुर्चीतून शांतपणे आवाज, "जावईबापू, मांडीवरचा तो लाल गोंडापण टाकायचाच होता का?"

बघत होत्या! सगळं बघत होत्या! मी उठताना तो गोंडा मांडीवरून खाली पडला, तो मी झाडला, तो मी जिन्यातून नेला, हे सगळं बघून मी परत वर येईपर्यंत तोंडातून शब्द नाही! मी म्हटलं, "आई, सांगायचं नाही का?" तर म्हणतात, "मला वाटलं, तुमची काही पद्धत असेल."

...साहेब, ही बाजू जरा वर गेल्यासारखी वाटतेय. नाही नाही, तुम्ही काळजी करू नका, मी दुसरी बाजू तिच्या मापाला आणतो.

तर हट्टाला पेटलो मी. दुपारपर्यंत सात गोंडे केले. लाल, पिवळा, हिरवा, पांढरा, जांभळा, गुलाबी आणि मधला तो केशरी, संत्र्याएवढा. जरा मोठंच संत्रं. मांडले ओळीनं चटईवर. बोटं आखडली, पाठ धरली, पण मनात म्हटलं, ये म्हणावं टेलरच्या पोरीला, बघ म्हणावं! आणि तेवढ्यात माझं लक्ष गेलं... केशरीची डावी बाजू थोडी बाहेर आलेली. थोडीशीच. चार धागे इकडे, दोन धागे तिकडे. आता हे बघा, दुसरा कुणी असता तर त्याला दिसलंही नसतं. पण मी? माझ्या डोळ्यांसमोर वर-खाली असं डोकं, आणि मी ते तसंच घराबाहेर पाठवायचं? माझं नाव काय राहील? मी कात्री घेतली. ही नव्हे, ती लांब पात्याची, घरी ठेवलेली. डावी बाजू घेतली, सुरेख बसली. पण आता उजवी जड दिसायला लागली. उजवी घेतली. मग वरचा भाग टोपीसारखा उभा राहिला, तो उतरवला. मग खालून दाट वाटला, तो विरळ केला. मग परत डावी. गोंड्याला तोंड नाही ना हो! माणूस निदान म्हणतो, बस आता! गोंडा गप्प बसतो आणि फिरतो. त्याला पुढचं मागचं नाही, कान नाहीत, कुठं थांबायचं हे कळायचं कसं? एकाला न्याय दिला म्हटल्यावर बाकीच्या सहांनी काय घोडं मारलं होतं? त्यांनाही बसवलं. एकेक करून सातही जणांची हजामत झाली.

आणि काय गोल झाले होते! खोटं नाही सांगत, इतके गोल, इतके समान, यंत्रातून काढल्यासारखे. फक्त... बोराएवढे झाले होते. केशरी जरा मोठा, तो लिंबाएवढा. लहान लिंबू. खुर्चीतून विचारणा झाली, "जावईबापू, हे गोंडे की बटणं?" मी पुन्हा झाडू घेतला.

चार वाजता पोर आली. दप्तर टाकलं आणि धावत चटईपाशी गेली. मी छाती काढून उभा, म्हटलं, बघ, एक धागा इकडचा तिकडे नाही! ती खाली बसली. एक उचलला. दुसरा उचलला. केशरी तळहातावर ठेवून बघत बसली. रडली असती तर बरं झालं असतं हो. ती म्हणाली, "बाबा, तू हे कापलेस?"

मी म्हटलं, "कापले नाहीत गं, समान केले."

"कापलेस." मग केशरी खाली ठेवून, अगदी हळू, "म्हणजे ती खरंच बोलत होती."

...थांबा, जरा पाणी पितो.

मला राग आला. बाईंचा आला, टेलरचा आला, हिचा आला, पाच मिनिटं म्हणणाऱ्या प्रत्येकाचा आला, आणि सगळ्यात जास्त आला तो या माझ्या हाताचा. अरे, थांबता येत नाही तुला? पण पोर माझी गुणी. तिनं चटईवरची माझी कात्री उचलली आणि नेऊन आजीला म्हणाली, "आजी, जरा उठ." आजी उठल्या. तिनं कात्री खुर्चीवर उशीखाली ठेवली. "आता बस. बाबानं कितीही मागितली तरी उठायचं नाही." महिनाभर म्हणून आलेल्या त्या बाईंनी, तुम्हाला सांगतो, आमच्या घरात केलेलं ते पहिलं काम, आणि ते त्यांनी मन लावून केलं.

मग आम्ही दोघं बसलो. मी गुंडाळायचं, तिनं तिच्या हस्तकलेच्या बोथट कात्रीनं कडा कापायच्या, मी बांधायचं. दिवेलागणीच्या आत सात झाले. पण कसे! पिंजारलेले! कुणाची बट बाहेर, कुणाला भांग नाही, एकाच्या टाळूवर तर शेंडीच उभी! मी म्हटलं, "बाळा, एवढी एकच शेंडी, दोन मिनिटं फक्त..." "बाबा!" "बरं." मी माझे हात मांडीखाली घेऊन बसलो. ते शिवायलाही तिनंच जागा दाखवल्या, मी टाके घातले, पहिल्या वेळी समोरची बाजू आणि पाठ एकत्र शिवून टाकली, ते उसवलं, परत शिवलं. बोटाला सात भोकं, गोंड्यांइतकीच. आणि ते बोराएवढे टकले सात? मी म्हटलं, टाकून देतो. ती म्हणाली, राहू देत, आणि कंपासपेटीत भरून ठेवले.

काल मंगळवार. दोन तास दुकान बंद ठेवून गेलो शाळेत. हॉलमध्ये मी बसलो, तर शेजारच्या खुर्चीवर कोण यावं? टेलर! दोघांनी माना हलवल्या. पोरं एकेक करून स्टेजवर यायला लागली. टेलरची मुलगी आली. मी पुढे सरकून बघितलं. टाके काय सुंदर, रंग काय जुळवलेले, काही बोलायला जागा नाही... पण गोंडे? चपटे! बशीसारखे चपटे, स्वेटरला चिकटून बसलेले. मी टेलरकडे बघितलं. तो पुढे बघत बघत, ओठ न हलवता म्हणाला, "शेवटी सवयीनं इस्त्री फिरवली हो, भाऊ. काम संपलं की हात इस्त्रीकडेच जातो." काय सांगू तुम्हाला, मला हसू यायला हवं होतं, पण त्याच्या आवाजात असं काही होतं की मी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. त्याच्याही घरी कुणीतरी म्हणालं असणारच, पाच मिनिटांचं काम.

आणि मग माझी पोर आली. बघतो तर काय, डाव्या बाजूला ते सात पिंजारलेले, आणि उजव्या बाजूला, ओळीनं, ते सात टकले! मला पत्ता नाही! सकाळी मी दुकानात असताना शिवलेले! आणि शिवले कुणी? सासूबाईंनी! म्हणजे त्यांना सुई धरता येत होती! नंतर विचारलं तर म्हणाल्या, गोंडेही येतात करायला, त्यात काय, पाच मिनिटांचं काम... तुम्ही विचारलंत कुठे? अख्खा सोमवार समोर बसून!

तर बाई विचारतात, "हे इतके लहान का गं?" आणि माझी पोर माइकसमोर, ठणठणीत आवाजात, "हे डाव्या बाजूचे सात जण बाकावर बसून नंबर लागायची वाट बघतायत. आणि हे उजव्या बाजूचे सात, माझ्या बाबांच्या हातून निघालेत."

हॉल हसला हो! टाळ्या! टेलर तर बाकं वाजवावीत तसा माझ्या पाठीवर वाजवत होता. आणि ती थांबली नाही. टेलरच्या मुलीकडे बघून म्हणाली, "सगळे माझ्या बाबांनीच केलेत. चौदा." चौदा म्हणाली. कमी केलेलेही तिनं केलेल्यात धरले. मी खाली बघून बुटाची नाडी बांधत राहिलो. चपला होत्या पायात.

झालं, एवढ्यावर थांबायचं ना? नाही! बाई खाली आल्या माझ्यापाशी, म्हणाल्या, "तुमचा हात फारच छान आहे. पुढच्या महिन्यात वर्गाचं नाटक आहे, बत्तीस मुलांच्या बत्तीस टोप्या, टेलरकाका शिवून देतायत, फक्त वरचे गोंडे तेवढे तुम्ही..." मी 'नाही' म्हणणार होतो. तोंड उघडलं होतं. पण पोर माझा हात धरून वर बघत होती, आणि माझ्या तोंडून, माझ्याच तोंडून हो, शब्द बाहेर पडले... काय असणार? तेच! पाच मिनिटांचं काम!

...हां, झालं साहेब, घ्या, आरसा बघा. समान झालेत की नाही? एक केस इकडचा तिकडे... साहेब? बोला की काही... तुम्ही कानांवर राहू द्या म्हणाला होतात, नाही का... आणि मुलाखत उद्याच ना?

हलू नका, आता कापत नाही काही, शपथ. टेलरनं नमुन्याची एक टोपी शिवून धाडलीय, ती घाला तूर्त. बसा बाकावर, लोकर आहे माझ्याकडे, गोंडा लावून देतो.

पाच मिनिटांचं काम!